नावाची चिठ्ठी नसलेली सक्युलंट : ओळख पटवणे आणि पावसाळ्यानंतरची काळजी

निशिगंध (डोंबिवली)

नमस्कार. आमची सदनिका चौथ्या मजल्यावर आहे आणि बाल्कनी थेट दक्षिणेकडे उघडते. फेब्रुवारीत एका पुष्पप्रदर्शनातून मी सहा लहान सक्युलंट, म्हणजे जाड, मांसल पानांत किंवा खोडात पाणी साठवणारी रोपे, आणली. विक्रेत्याने एकाचेही नाव लिहून दिले नव्हते. ‘आठवड्यातून एकदा पाणी घाला’ ही एकच सूचना सर्वांसाठी दिली होती. मे महिन्यापर्यंत सगळी रोपे टवटवीत होती. आता सप्टेंबर संपत आला असताना त्यांची अवस्था एकमेकांपासून इतकी निराळी झाली आहे की, सर्वांना एकच नियम लागू पडत असेल असे मला वाटत नाही. मोबाइलवरील अ‍ॅपने एकाच रोपाला वेगवेगळ्या कोनांतून वेगवेगळी नावे दिली, म्हणून येथे सविस्तर वर्णन लिहीत आहे.

पहिले रोप ‘जेड’ म्हणून मिळाले. त्याची पाने नखाएवढी, गोलसर व चकचकीत असून समोरासमोर जोडीने येतात, कोवळ्या फांद्या लालसर तपकिरी आहेत आणि आता त्या कुंडीबाहेर लोंबू लागल्या आहेत. दुसऱ्याची पाने पाकळ्यांच्या रचनेत असून राखाडी रंगावर गुलाबी झाक आहे आणि बोट लावले की पुसली जाणारी पांढरी पूड आहे. आणले तेव्हा ते बसके होते. आता खोड बोटभर लांबले असून पानापानांत अंतर पडले आहे आणि कुंडी उचलली तरी एखादे पान गळून पडते. तिसऱ्याची पाने गडद हिरवी, ताठ व टोकदार असून पाठीवर पांढऱ्या ठिपक्यांचे आडवे पट्टे आहेत, ते हाताला खरखरीत लागतात. चौथ्याची पाने फिकट हिरवी, काठांना मऊ दात असलेली, अंगावर पांढरे ठिपके असलेली आहेत आणि ती दोनच ओळींत समोरासमोर लागली आहेत. पाचव्यात खाली तीन धारांचा हिरवा दांडा आणि वर लाल गोळा आहे. सहावे ‘कॅक्टस’ म्हणून दिले गेले: उभे तिधारी खोड, त्यावर फिकट पांढुरके चट्टे, धारांवर काट्यांच्या जोड्या आणि त्यांच्या आगेमागे लहान हिरवी पाने. त्याची फांदी चुकून मोडली तेव्हा भरपूर पांढरा चीक आला.

चौथ्याची तळाची दोन पाने लिबलिबीत व पारदर्शक झाली आहेत आणि पाचव्याचा दांडा मातीलगत तपकिरी पडू लागला आहे. ही रोपे नेमकी कोणती असावीत आणि ऑक्टोबरच्या उन्हाआधी मी काय करावे, हे कृपया सांगावे.

गच्चीवरचा माळी (पुणे)

निशिगंधताई, आपण केलेले वर्णन छायाचित्रापेक्षा अधिक उपयोगी आहे. अ‍ॅपला पानाचा रंग आणि आकार दिसतो; चीक, पानाचा खरखरीतपणा, पान खोडाला कसे चिकटले आहे, या गोष्टी त्याला कळत नाहीत आणि सक्युलंटची ओळख बहुतेक वेळा त्यांच्यावरच ठरते. नाव शोधण्याचा खटाटोप मी आवर्जून करतो, कारण नावावरून मूळ प्रदेश समजतो, मूळ प्रदेशावरून वाढीचा हंगाम समजतो आणि पाणी केव्हा व किती हा प्रश्न तिथेच सुटतो.

पहिले रोप जेड नसावे. खऱ्या जेडची, म्हणजे क्रासुला ओव्हाटाची, पाने तीन ते सहा सेंटिमीटर लांब व जाड असतात आणि खोड लवकर जाडजूड होते. नखाएवढी पाने आणि लालसर, बारीक, लोंबत्या फांद्या ही पोर्टुलाकेरिया आफ्राची लक्षणे आहेत. आपल्याकडील बहुतेक रोपवाटिकांत तीच ‘जेड’ म्हणून विकली जाते. दोन्ही वनस्पती दक्षिण आफ्रिकेच्या असल्या तरी त्यांची कुळे वेगळी आहेत. पोर्टुलाकेरिया तिकडे हत्तींचे खाद्य आहे, त्यामुळे मोडणे, छाटणे, पुन्हा फुटणे हे तिच्या अंगवळणी पडलेले आहे. आपल्या उष्ण आणि दमट हवेत ती जेडपेक्षा अधिक चांगली टिकते. लोंबणाऱ्या फांद्या निर्धास्तपणे छाटाव्यात; प्रत्येक तुकडा लागेल.

दुसरे बहुधा ग्रॅप्टोपेटॅलम पॅराग्वायन्से आहे. नावात पॅराग्वाय असला तरी ही वनस्पती मेक्सिकोची आहे. तिचे खोड लांबले, पाने विरळ झाली, हा रोग नसून उजेड कमी पडल्याची खूण आहे. एकदा लांबलेले खोड पुन्हा आखडत नाही, म्हणून शेंडा कापून नव्याने लावणे हाच उपाय. पानांवरील पूड हे तिचे उन्हापासूनचे संरक्षण आहे आणि पुसलेली पूड त्या पानावर परत येत नाही, तेव्हा पाने पुसू नयेत.

तिसरे हॅवर्थिऑप्सिस आहे, याविषयी मला शंका नाही. ते अटेन्युएटा की फॅसिआटा, हे मात्र पानाची आतली बाजू पाहून ठरवावे लागते: आतूनही उंचवटे लागले तर अटेन्युएटा, आतून गुळगुळीत असेल तर फॅसिआटा. बाजारात फॅसिआटा म्हणून येणारी बहुतेक रोपे प्रत्यक्षात अटेन्युएटाच असतात. ही वनस्पती मूळ प्रदेशात झुडपांच्या आडोशाला वाढते, त्यामुळे तिला कडक ऊन नको. खिडकीतला तेजस्वी उजेड पुरतो. सहांपैकी घरात ठेवण्याजोगे खरे रोप हेच.

चौथे आपली नेहमीची कोरफड आहे. कोरफडीची लहान पिल्ले ठिपकेदार आणि दुहेरी रांगेत वाढणारी असतात. वय वाढले की पाने वर्तुळाकार येऊ लागतात आणि ठिपके पुसट होतात. या बदलामुळे अनेकांना ती निराळीच वनस्पती वाटते.

पाचवे हे दोन वनस्पतींचे कलम आहे. वरचा लाल गोळा म्हणजे जिम्नोकॅलिसियम या कॅक्टसचा हरितद्रव्य नसलेला प्रकार, जो स्वतःचे अन्न स्वतः तयार करू शकत नाही. खालचा तिधारी दांडा ड्रॅगनफ्रूटच्या जातकुळीतला आहे आणि तोच दोघांना पोसतो. दांड्याला वरच्या गोळ्याहून अधिक पाणी लागते, पण साचलेले पाणी दोघांनाही सोसत नाही. हे कलम मुळातच काही वर्षांचे सोबती असते, आणि आपला दांडा मातीलगत तपकिरी पडला असेल तर ते तातडीने हाताळायला हवे. स्वच्छ सुरीने तपकिरी भाग संपेपर्यंत दांडा कापत जावे. कापलेला भाग आतून पूर्ण हिरवा-पांढरा दिसला, तर तो सावलीत आठवडाभर वाळवून कोरड्या मिश्रणात नुसता टेकवून ठेवावा. मुळे फुटण्याची चांगली शक्यता असते. मधला गाभा वरपर्यंत तपकिरी निघाला, तर लाल गोळा नव्या ड्रॅगनफ्रूटच्या दांड्यावर बांधण्यावाचून मार्ग नाही.

सहावे कॅक्टस मुळीच नाही. कॅक्टसचे काटे लहानशा केसाळ गादीतून निघतात आणि त्याला सहसा दुधी चीक नसतो. धारेवर काट्यांची जोडी, लहान पाने आणि पांढरा चीक म्हणजे युफोर्बिया. खोडावरचे फिकट चट्टे आणि टिकून राहणारी पाने पाहता ते आफ्रिकेतले युफोर्बिया ट्रायगोना वाटते. आपल्या माळरानावरचा त्रिधारी निवडुंग त्याचा नातलग आहे.

आता बाल्कनीविषयी. दक्षिणेची बाल्कनी म्हणजे वर्षभर ऊन, हा समज आपल्या अक्षांशावर खरा नाही. डोंबिवली साधारण १९ अंश उत्तरेवर आहे. तिथे मेच्या मध्याला आणि जुलैच्या अखेरीस सूर्य माध्यान्ही थेट डोक्यावर येतो, शून्य सावलीचे दिवस म्हणतात ते हेच. आणि या दोन तारखांच्या दरम्यान तो माध्यान्ही किंचित उत्तरेला असतो. म्हणजे नेमक्या त्या काळात वरच्या मजल्याचा स्लॅब आपल्या बाल्कनीला ऊन लागू देत नाही आणि त्यावर जूनपासून ढग येतात. आपले ग्रॅप्टोपेटॅलम याच महिन्यांत लांबले आहे. याउलट ऑक्टोबरपासून सूर्य दक्षिणेकडे कलतो आणि तिरपे ऊन बाल्कनीच्या आतपर्यंत येते. महिनोन्‌महिने सावलीत राहिलेली पाने त्या उन्हात भाजतात. म्हणून आता प्रत्येक रोप आधी भिंतीलगत ठेवून दोन-तीन आठवड्यांत हळूहळू कठड्याकडे सरकवावे. हॅवर्थिऑप्सिस मात्र भिंतीपाशीच राहू द्यावे.

कातळसडा (रत्नागिरी)

माळीसाहेबांनी ओळख नेमकी पटवली आहे, म्हणून मी पाणी आणि मातीपुरते लिहितो. आमच्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. सक्युलंट पावसात मरतात ती केवळ अंगावर पडणाऱ्या पाण्यामुळे, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. परंतु छपराखाली ठेवलेली रोपेही कुजतात, हे कोकणातल्या प्रत्येकाने पाहिलेले आहे. या वनस्पतींपैकी बहुतेक पानांची छिद्रे दिवसा मिटून घेतात आणि रात्री उघडतात. थंड, कोरड्या रात्री त्या हवेतील कार्बन डायऑक्साइड आम्लाच्या रूपात साठवतात आणि दिवसा तो वापरतात. रात्रच उबदार आणि दमट असेल, तर पानांतून बाष्प फारसे बाहेर पडत नाही, मुळे पाणी ओढत नाहीत आणि कुंडीतला ओलावा तसाच साचून राहतो. ओल्या, हवा न खेळणाऱ्या मातीत मुळांचा श्वास कोंडतो आणि मग बुरशीचे फावते. जून ते सप्टेंबर या काळात ‘आठवड्यातून एकदा’ ही सूचना त्यामुळेच घातक ठरते. मी पावसाळ्यात बोटांनी पान चाचपल्याशिवाय पाणी देत नाही.

चाचपणे म्हणजे काय, तेही सांगतो. तहानलेल्या रोपाची खालची पाने सुरकुततात, थोडी नरम लागतात, परंतु खोडाला घट्ट धरून असतात आणि त्यांचा रंग बदललेला नसतो. पाणी जास्त झालेल्या रोपाची पाने पिवळट, काचेसारखी पारदर्शक होतात आणि हात लागताच देठाशी ओलसर डाग ठेवून गळतात. आपल्या कोरफडीची पाने दुसऱ्या प्रकारात मोडतात. ती पाने काढून रोप मातीबाहेर घ्यावे, काळी व पोकळ मुळे कापावीत, आणि दोन-चार दिवस सावलीत उघडे ठेवूनच पुन्हा लावावे.

मातीचे म्हणाल, तर आमची जांभ्याची लाल माती काय आणि देशावरची काळी माती काय, दोन्ही कुंडीत घट्ट बसतात. विकतच्या रोपांना बहुधा निव्वळ कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, असते. ते एकदा ओले झाले की फार काळ ओले राहते. मी दोन भाग खरखरीत खडे आणि एक भाग चाळलेले गांडूळखत घेतो. खडे म्हणजे पर्लाइट, प्यूमिस किंवा चांगल्या भाजलेल्या विटेचे हरभऱ्याएवढे तुकडे. विटेची भुकटी चाळून टाकून द्यावी, कारण तीच पोकळ्या बुजवते. समुद्राची वाळू क्षारांमुळे वापरू नये. कुंडी मातीची घ्यावी आणि तळाशी खापऱ्यांचा चांगला जाड थर द्यावा.

एक गोष्ट विषयाला धरूनच सांगावीशी वाटते. सक्युलंट म्हणजे परदेशी वाळवंट, असे समीकरण आपल्या मनात बसले आहे. परंतु शिंदळ माकुडी ही केवळ महाराष्ट्रात आढळणारी मांसल वनस्पती शिवनेरीसारख्या गडांच्या कड्यांवर वाढते. पावसाळ्यात तिला हिरवी पाने असतात, पिवळ्या ठिपक्यांची गडद तांबूस ताऱ्यासारखी फुले येतात, आणि उन्हाळ्यात ती पाने टाकून नुसत्या जाड खोडावर राहते. सह्याद्रीचा पाऊस ती सोसते, कारण कड्याच्या भेगेत पाणी क्षणभरही थांबत नाही. कुंडीतल्या मिश्रणाने नेमके हेच साधायचे असते. ती अत्यंत दुर्मीळ आहे. गडावर दिसली तर तिचा तुकडाही तोडू नये.

निशिगंध (डोंबिवली)

दोघांचेही मनापासून आभार. तिसऱ्या रोपाच्या पानाला आतूनही बारीक उंचवटे आहेत, तेव्हा ते अटेन्युएटा ठरले. कलमाचा दांडा कापला; बोटाच्या दोन पेरांनंतर आतला भाग स्वच्छ हिरवा लागला, म्हणून तो वाळत ठेवला आहे.

तीन गोष्टी विचारायच्या आहेत. घरात दीड वर्षांचा नातू आहे आणि तो हाताला लागेल ते तोंडात घालतो. यांतले कोणते रोप त्याच्यापासून दूर ठेवावे? चिनी मातीचे सुंदर वाडगे भेट मिळाले आहेत, त्यांना तळाशी भोक नाही; त्यांत लावले तर चालेल का? आणि ग्रॅप्टोपेटॅलमची गळालेली पाने मी टाकून दिली नाहीत, त्यांचे काही होईल का?

बोंडवाडी (अकोला)

मुंबई-कोकणाकडील मंडळी पावसाबद्दल बोलत आहेत, म्हणून विदर्भातल्या वाचकांसाठी थोडे लिहितो. आमच्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांना भिडतो आणि रात्रीही भिंती तापलेल्या असतात. अशा रात्री ही झाडे वाढ थांबवून स्वस्थ बसतात, त्यामुळे कडक उन्हाळ्यात जास्त पाणी देणे हे पावसाळ्यात देण्याइतकेच धोक्याचे असते. एप्रिल ते जून हिरव्या शेडनेटखाली ठेवावे, पाणी सूर्यास्तानंतर थोडे द्यावे, आणि कूलरच्या ओल्या झोताच्या वाटेत कुंडी ठेवू नये. मेक्सिकोच्या उंच डोंगराळ भागातली एकेव्हेरिया आमच्याकडे उन्हाळा क्वचितच काढते. नवख्याने तिच्या मोहात पडण्याआधी अडेनियम लावावे, त्याला आमचे ऊन मानवते.

गच्चीवरचा माळी (पुणे)

ताई, पहिल्या प्रश्नाचे उत्तर सर्वांत महत्त्वाचे आहे. युफोर्बिया आजच उंचावर किंवा जाळीपलीकडे न्यावे. त्याचा चीक त्वचेला झोंबतो, तोंडात गेल्यास आग होते आणि डोळ्यांत गेल्यास गंभीर इजा होऊ शकते. तसे घडल्यास भरपूर स्वच्छ पाण्याने डोळा धूत राहून लगेच डॉक्टरांकडे जावे. छाटणी करताना हातमोजे आणि चष्मा घालावा. कोरफड घरगुती औषध म्हणून परिचित असली, तरी सालीखालून निघणारा पिवळा रस जुलाब घडवतो, म्हणून तीही बाळाच्या हाती लागू देऊ नये. पुढेमागे पानफुटी किंवा कलांचोचे दुसरे प्रकार आणलेत, तर तेही लांबच ठेवावेत, त्यांत हृदयावर परिणाम करणारी द्रव्ये असतात. हॅवर्थिऑप्सिस, ग्रॅप्टोपेटॅलम आणि पोर्टुलाकेरिया विषारी मानली जात नाहीत. कॅक्टसच्या बाबतीत काटे सांभाळावेत.

भोक नसलेल्या वाडग्यात थेट लावू नये. काच कापण्याच्या हिऱ्याच्या ड्रिलने भोक पाडून घेता येते. ते नको असेल तर रोप लहान प्लॅस्टिकच्या कुंडीत लावून ती वाडग्यात ठेवावी, पाणी देताना बाहेर काढावी आणि पूर्ण निथळल्यावरच परत ठेवावी.

येथे कातळसडा यांच्या एका सूचनेशी मी असहमत आहे, बाकीचे सर्व मला मान्य आहे. भोकावर एखादी खापरी ठेवावी, म्हणजे मिश्रण वाहून जात नाही; जाड थर मात्र देऊ नये. बारीक कणांच्या मिश्रणातले पाणी खालच्या मोठ्या पोकळ्यांत सहजी उतरत नाही, ते दोन थरांच्या सीमेवर अडकून राहते. म्हणजे जो ओला पट्टा एरवी कुंडीच्या तळाशी राहिला असता, तो थराच्या उंचीइतका वर सरकून मुळांच्या अधिक जवळ येतो. खडे घालायचे ते मिश्रणातच सर्वत्र सारखे मिसळावेत आणि कुंडी फार खोल घेऊ नये.

गळालेली पाने जपलीत हे उत्तम केलेत. पान देठाशी अखंड सुटलेले असेल, तर ते कोरड्या मिश्रणावर आडवे ठेवावे, मातीत पुरू नये. काही आठवड्यांत देठाकडून गुलाबी केसासारखी मुळे आणि त्यामागोमाग इवलासा झुबका दिसू लागेल. तेव्हापासून मुळांपाशी अधूनमधून पाण्याचा फवारा द्यावा. मूळ पान आपोआप सुकून जाईल, ते ओढून काढू नये. हॅवर्थिऑप्सिस आणि कोरफड यांच्या बाबतीत या पद्धतीच्या मागे लागू नये, त्यांची बाजूला येणारी पिल्ले वेगळी करणेच सोपे. लांबलेल्या ग्रॅप्टोपेटॅलमचा शेंडा तीन-चार सेंटिमीटर दांड्यासह कापून, जखम सुकल्यावर लावावा. उरलेले खोड फेकू नये, त्यावर नवे फुटवे येतात.

निशिगंध (डोंबिवली)

हॅवर्थिऑप्सिस कुंडी बदलण्यासाठी बाहेर काढले, तेव्हा मुळांवर आणि कुंडीच्या आतल्या बाजूला कापसासारखे पांढरे ठिपके दिसले. हे पर्लाइटचे कण आहेत की काही रोग?

कातळसडा (रत्नागिरी)

आधी खापऱ्यांविषयी: माळीसाहेबांचा मुद्दा पटला, या हिवाळ्यात कुंड्या बदलताना मी थर गाळून पाहीन.

ठिपका चिमटीत दाबून पाहावा. पर्लाइट कडक लागतो व कुस्करला तर कोरडी पूड होते. ठिपका मऊ असेल आणि चिकट ओल सुटली, तर तो मुळांवरचा पिठ्या ढेकूण आहे. तसे असल्यास सर्व मिश्रण झटकून कचऱ्यात टाकावे, मुळे वाहत्या नळाखाली धुवावीत, खराब मुळे कापावीत आणि सर्जिकल स्पिरिटमध्ये भिजवलेल्या कापसाने मुळांचा वरचा भाग व पानांचे बेचके पुसावेत. रोप आठवडाभर उघडे वाळवून नव्या मिश्रणात लावावे, जुनी कुंडी उकळत्या पाण्याने धुवावी. उरलेल्या पाचही कुंड्यांच्या तळाची भोके आजच तपासावीत, कारण हे किडे एका ताटलीत साचलेल्या पाण्यातून शेजारच्या कुंडीत पोहोचतात. निदान दोन महिने ते रोप इतरांपासून वेगळे, स्वतःच्या ताटलीत ठेवावे.